हिरव्या साडीतली पाठमोरी

मी गेममधल्या माणसांना कपडे करते. हे गावात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चुलते म्हणाले, "म्हंजी शिवनकामच की. त्याला एवढं कालेज कशाला लागतं?" मी समजावत बसले नाही. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवीच्या काळ्या झग्यातला फोटो आमच्या भिंतीवर आहे तो माझाच, आणि तो देवघराशेजारी मीच ठोकला आहे. शिवणकाम तर शिवणकाम. कापड पडद्यावरचं असलं तरी त्याला चुण्या पडतात, वाऱ्याने ते फुगतं, पळताना पायात येतं. हे ज्याला कळत नाही त्याने बाईला कपडे घालू नयेत.

कंपनी पुण्यात. मी मात्र भिंगारला दोन खोल्या भाड्याने घेऊन घरूनच काम करते. त्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली होती. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी धूळ, चूल, गोठा सगळं बंद केलं होतं. म्हशींपाशी वडील राहिले. आई काळा चष्मा लावून माझ्या खुर्चीमागे पलंगावर बसायची आणि माझं काम बघायची. नवा डोळा मिळाल्यावर तिला रंगांचं भारी नवल वाटत होतं. "हिरवा एवढा हिरवा आसतो व्हय गं?" असं ती समोरच्या लिंबाकडे बघून दोनदा तरी म्हणाली असेल.

तेव्हा आमच्याकडे एक जुना परदेशी गेम नव्याने करायला आला होता. ओसाड घर, भोवती दलदल, आत एकटी बाई, आणि तिने खोलीखोलीतून वाट काढायची. जुन्या गेममधली ती बाई मी आईला दाखवली. आखूड चड्डी, उघडे दंड, उंच टाचांचे बूट, कमरेला दोन पिस्तुलं.

आई चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिली. "चिखलात चाललीय ना ही?"

"हो."

"या बुटावर?"

"हो गं."

"एकदा आपल्या उसात पाठव म्हनावं हिला. पाचटानं कापलं मांड्यांना की मग कळंल. आन डास? डास न्हाईत का त्या देशात?"

मी दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये साहेबांना हेच सांगितलं, फक्त पुण्याच्या भाषेत. म्हटलं, हिला साडी नेसवू. साडी खोचून बाया विहिरीत उतरतात, कडब्याच्या गंजीवर चढतात, दलदल काय घेऊन बसलात. साहेब म्हणाले, करून दाखवा.

मी केली. आणि तयार झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कोणाची साडी केली आहे.

हिरवी, लाल काठाची. निऱ्या घोट्याच्या वर. पदर पाठीवरून फिरवून डाव्या कमरेला खोचलेला. बाकीच्या बाया उजवीकडे खोचतात. डावीकडे खोचायची ती आमची अक्का, माझी थोरली बहीण, कारण ती डावरी होती. ती साडी तिच्या डोहाळजेवणाची. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी आली होती. त्यात ती गेली, बाळही गेलं. शेवटचं नेताना अंगावर तीच साडी होती. मी तेव्हा बारावीला होते.

बदलावी का, असं मनात आलं. पण चुणी इतकी छान पडली होती की मोडायला हात होईना.

आता त्या गेमच्या चालीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आजच्या गेममध्ये ज्या दिशेचं बटण दाबाल तिकडे माणूस झटकन तोंड करतो आणि चालू लागतो. जुन्या तऱ्हेत तसं नव्हतं. ते सगळं ट्रॅक्टरसारखं असायचं. डावं-उजवं बटण दाबलं की बाई जागच्या जागी हळूहळू फिरते. वरचं बटण म्हणजे पुढे, तिचं तोंड असेल तिकडे. आणि खालचं बटण म्हणजे रिव्हर्स. ती वळत नाही. पाठ तुमच्याकडे तशीच ठेवून, एकेक पाऊल मागे टाकत, ती तुमच्याकडे येते. शिवाय कॅमेरा तिच्या मागे फिरत नाही, बँकेतल्या कॅमेऱ्यासारखा भिंतीवर पक्का असतो. त्याच्या अगदी जवळ आलं की चित्र तुटतं आणि पुढच्या भिंतीवरचा कॅमेरा लागतो. जुने खेळाडू या तऱ्हेवर जीव टाकतात म्हणून ती ठेवायची की नाही, हे कंपनीचं अजून ठरत नव्हतं. मी साडी तपासायची ती याच तऱ्हेवर.

ती दुपारची वेळ होती. आई झोपली आहे असं समजून मी बाईला बोळातून पुढे नेली, पदर कसा हलतो ते बघितलं. मग निऱ्या मागच्या बाजूने पायात अडकतात का ते बघायला खालचं बटण दाबून धरलं. ती मागे येऊ लागली. पाठमोरी. टक, टक, टक. आवाज अजून जुन्याच गेमचा होता, लाकडी फरशीवरच्या टाचांचा, आणि माझ्या बाईचे पाय तर अनवाणी. ती मोठी मोठी होत आमच्या दिशेने आली. डाव्या कमरेचा तो पदराचा बोळा स्पष्ट दिसायला लागला.

मागून आई म्हणाली, "कोन हाय ती?"

मी दचकून बटण सोडलं. बाई थांबली.

"कामाचं आहे, आई. गेममधली."

आई पलंगावरून उठली, स्वयंपाकघरात गेली. मसाल्याचा डबा उघडल्याचा आवाज आला. परत आली ती मूठ भरून. कळायच्या आत तिने अर्धी मोहरी पडद्याच्या दिशेने भिरकावली, आणि उरलेली खोलीच्या उंबऱ्यावर ओळीने टाकली. दाणे टेबलावर, कीबोर्डवर, माझ्या मांडीवर, सगळीकडे.

"आई! काय करतेस?"

"झाडू नको," ती म्हणाली. "उंबऱ्यावरचं तर आजिबात झाडू नको."

संध्याकाळी चहा घेताना तिने सांगितलं. मला ते तोवर माहीत नव्हतं.

"बाळातीन गेली की परत येती म्हनत्यात. उलट्या पायानं येती. मग वाटंवर राळं टाकायचं, न्हाईतर मोहरी, कसलं बी बारीक दानं. एकेक दाना येचल्याबिगर तिला फुडं येता येत न्हाई, आन येचून व्हायच्या आत उजाडतं. तुझ्या चुलतीनं राळ्याची वाटी माझ्या हातात दिली. म्हनली, धाकटी हाय घरात, तिचा इचार कर."

"मग?"

"मग काय. टाकलं. वेशीपासनं आपल्या दारापर्यंत. आयनंच टाकायचं म्हनली, आयकडंच येती ती. मागं वळून बगायचं न्हाई म्हनली, न्हाई बगितलं."

"आई, हे सगळं खोटं असतं."

"आसंल. तू शिकलीस, तुला ठावं. पन म्या टाकलं ते तर खरं हाय ना?"

 पदवीच्या कुठल्याच पेपरात हा प्रश्न नव्हता.

कप हातात फिरवत ती म्हणाली, "त्या वरसाला वस्तीवरच्या एका बाईनं इहिरीपाशी हिरवं लुगडं बगितलं. मागं मागं येत हुतं म्हनली. सगळी भ्याली. मला वाटलं, म्हंजी येत हुती गं ती. घराकडं येत हुती, आन म्या वाट बंद केली."

कपातला चहा तिने तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून ती पलंगावर न बसता माझ्या शेजारी स्टुलावर बसू लागली. "हे दाबलं की काय हुतं? आन हे?" मी सांगत गेले. तिला भीती वाटत नव्हती, आता मला वाटत होती. कारण एक दिवस तिने विचारलंच.

"तिला हिकडं तोंड कराया लाव की. येकदा बगू दे."

"अजून तेवढं झालं नाही, आई."

"पाठ झाली, पदर झाला, आन तोंड ऱ्हायलं? आसलं कसलं तुमचं कालेज?"

मी हसण्यावारी नेलं. पण खरी गोष्ट अशी होती की तिला चेहराच नव्हता. मी फक्त कपडे करते. चेहरे पुण्यातला दुसरा एक जण करतो, आणि त्याचं काम मागे पडलं होतं. तोवर डोक्याच्या जागी एक करडा गोळा होता, मागून केसांचा अंबाडा बसवलेला. मागून बघितलं तर अक्का. समोरून बघितलं तर लिंपलेली भिंत. डोळे नाहीत, नाक नाही, तोंडाची नुसती रेघही नाही. मी एकदाच चुकून फिरवली होती आणि पटकन परत वळवून टाकली होती. रोजचं काम आहे माझं, असले गोळे मी ढिगाने बघितले आहेत. तरी हा नाही बघवला. आणि हा आईला दिसला, अक्काच्या साडीवर, तर तिचं काय होईल? तिला जे वाटत होतं, की आपण लेकीची वाट बंद केली आणि लेक आपल्याकडे तोंड करत नाही, ते तर डोळ्यांसमोर खरंच होऊन बसेल. नव्या डोळ्यांनी बघायला हेच मिळायचं का तिला?

अक्काचा लग्नातला फोटो पुण्याला पाठवावा, त्यावरून चेहरा करून घ्यावा, असंही एकदा वाटलं. नाही पाठवला. साडी न विचारता घेतली होती तेवढं पुरे होतं.

रोज ती उंबऱ्यावरची मोहरी ओलांडून मी ये-जा करत होते. आईही ओलांडत होती. 

मग एका दुपारी तिचे डोळ्यांचे थेंब संपले. मेडिकल कोपऱ्यावरच आहे, म्हणून मी काम उघडंच ठेवून खाली गेले. दुकानात गर्दी होती. परत येताना जिन्यातच टकटक ऐकू आली. वरून, माझ्या खोलीतून. मी धावत चढले.

आई माझ्या खुर्चीवर बसली होती. काळा चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. पडद्यावर तो लांबडा बोळ, आणि बोळाच्या टोकाला हिरव्या साडीतली बाई. आमच्याकडे तोंड करून. म्हणजे तोंड जिथे असतं ती बाजू करून.

मी दारातच थांबले. पायाखाली मोहरी रुतत होती.

"आलीस?" आई न वळता म्हणाली. "डावं बटन दाबून धरलं. लई सावकास वळती गं. वाटलं, वळतीय का न्हाई."

"आई, तो चेहरा अजून करायचा आहे. तसा नाही तो…"

"ठावं हाय मला." तिने आपल्या कपाळापासून हनुवटीपर्यंत हात फिरवला. "सपनात बी आशीच येती. हितनं हितवर काय न्हाई. तू कशापायी लपवीत हुतीस?"

मी थेंबांची बाटली या हातातून त्या हातात घेतली.

"म्याच शेवटचं कुकू लावलं तिला," आई म्हणाली. "मळवट भरला, पन तोंड बगितलं न्हाई. मनात राळं हुतं. बगितलं तर राळं टाकनं हातनं व्हनार न्हाई, आसं वाटलं. मग आठवायचं कुठनं?"

मी आत जाऊन तिच्या मागे उभी राहिले. तिने बोट उचललं, बटणांवरून फिरवलं, आणि वरचं बटण दाबलं.

बाई चालू लागली. आता सरळ, पुढे, आमच्याकडे. टक, टक, टक. निऱ्या हलत होत्या, पदर जागच्या जागी होता. करडा गोळा मोठा होत गेला. मला मान फिरवावीशी वाटत होती, पण आईची मान ताठ होती, म्हणून मीही बघत राहिले. सगळा पडदा आधी करडा, मग हिरवा झाला. मग चित्र तुटलं.

दुसरा कॅमेरा लागला. आतली खोली. बाई आमच्याकडे पाठ करून पलीकडे चालली होती. गेममध्ये हे असंच होतं. कॅमेऱ्याखालून ती पुढच्या खोलीत जाते, एवढंच. मला ते तोंडपाठ आहे. पण बसल्या जागी वाटलं ते असं, की ती आमच्यापर्यंत आली आणि आमच्यातून आरपार गेली. पावलं वाजत होती. स्पीकर पडद्याशेजारी होते, तरी आवाज पाठीमागून, स्वयंपाकघरातून येत होता. खोली लहान असली, भिंती उघड्या असल्या, की आवाज असा फिरतो.

आईने बटण सोडलं. आवाज थांबला. लगेच नाही, एक पाऊल उशिरा. जुन्या गेममध्ये तेही होतं.

तिने मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मी नाही बघितलं.

"आली आत," ती म्हणाली.

मग उठली, केरसुणी घेतली आणि उंबरा झाडू लागली. वाकू नकोस, डोळ्यावर ताण येईल, मी झाडते, असं मी म्हणाले. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "टाकनारीनंच उचलायचं आसतं." असं काही असतं की नाही, मला माहीत नाही. तिने दाराच्या फटीतले दाणेसुद्धा बोटाने काढले. सुपलीत गोळा झाले ते गॅलरीत चिमण्यांना टाकले आणि हात धुऊन भाकरी करायला लागली. त्या दिवशी तिने एक भाकरी जास्त थापली. 

पुढे कंपनीने जुनी तऱ्हा काढून टाकली. हल्लीच्या पोरांना ती जमत नाही म्हणे. चेहराही आला, छान टपोऱ्या डोळ्यांचा. आता खालचं बटण दाबलं की ती क्षणात वळते आणि समोरून येते. आईला फोनवर दाखवली, तेव्हा ती परत गावी, गोठ्यात होती. बघून म्हणाली, "बरी हाय. कोन गं ही? साडी तेवढी वळखीची वाटती."

जुनी आवृत्ती माझ्याकडे आहे. कधीतरी उघडते. पण त्या कीबोर्डचं खालचं, रिव्हर्सचं बटण आता दबत नाही. आत मोहरीचा दाणा अडकला असणार. पिनेने उचकटून काढला तर निघेल, दोन मिनिटांचं काम आहे. मी काढलेला नाही.