एका दिवसाची मालकीण

भाड्याच्या घरात राहायची मला लाज वाटायची असं सांगितलं की आताच्या मुली हसतात. त्यांना काय, दोन वर्षं या गावात, तीन वर्षं त्या गावात. आमच्या वेळी खेड्यातला माणूस कितीही फाटका असो, डोक्यावरचं मातीचं धाबं त्याचं स्वतःचं असायचं. भाड्यानं राहणं म्हणजे ज्याला गाव नाही, गणगोत नाही, त्याचं राहणं. आणि मी राहत होते दीड खणाच्या खोलीत, जळगावच्या पेठेला पाठ लावून असलेल्या एका गल्लीत, जिथं दोन्ही बाजूंच्या सगळ्या खोल्यांत भाडेकरूच होते. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

माझं माहेर धरणगावकडचं, कापसाची शेती करणारं. माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थानं नानांना छातीठोक सांगितलं होतं, की मुलगा कापसाच्या जिन कारखान्यात कारकून आहे आणि भर पेठेत त्याचं स्वतःचं घर आहे. त्यातलं पहिलं खरं होतं. आमच्याच भाऊबंदांतल्या आबांनी आपल्या भाच्यासाठी मला मागणी घातली होती. विहीर, बागायत, गोठाभर गुरं, काही कमी नव्हतं. पण नाना शहरातल्या घराला भुलले आणि त्यांनी आबांना नाही म्हटलं. नुसतं नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. भर चावडीवर म्हणाले, "मनी आंडेर शहरमा घरनी मालकीण व्हई." माझी लेक शहरात घराची मालकीण होईल.

ती मालकीण माप ओलांडून आत आली, तर समोरची भिंत जवळजवळ कपाळालाच लागली. यांनी मान खाली घालून सांगितलं की मध्यस्थ काय बोलला ते त्यांना लग्नाच्या मांडवातच कळलं. मग मांडवातच तोंड का नाही उघडलं, हे मी विचारलं नाही. मीही कुठं उघडणार होते? माहेरी खरं कळलं असतं तर आबांसमोर नानांना कायमचं खाली बघावं लागलं असतं. म्हणून दिवाळसणाला गेले तेव्हा आईनं घर कसं आहे विचारलं, तर मी म्हणाले, हवेशीर आहे. हवा खरंच यायची. दाराला फट होती.

गल्लीत रुळल्यावर कळलं, की इथं बहुतेकांनी आपापल्या गावी हेच सांगून ठेवलेलं आहे. मग त्यातून एक रीतच पडून गेली होती. खरा मालक स्टेशनच्या पलीकडं राहायचा, तो इकडं फिरकत नसे. ज्याच्याकडं गावचा पाहुणा येईल, तो त्या दिवसापुरता गल्लीचा मालक. बाकीचे सगळे त्याचे भाडेकरू. आमच्या शेजारच्या अक्का शिंदखेड्याकडच्या, जिभेनं तिखट आणि मनानं मोठ्या. त्यांचा भाऊ आला तेव्हा मी पदर सावरत त्यांच्या दारी गेले आणि विचारलं, "मालकीणबाई, दाराशी तुळस लावली तर चालेल का?" अक्कांनी जरा विचार केल्यासारखं करून परवानगी दिली. भाऊ असा फुगला, की जाताना बहिणीच्या पायाच पडला. आम्ही बायका तोंडात पदर कोंबून हसलो. पण हसून झालं की कुणी कुणाकडं बघत नसे. ज्याचं त्याला ठाऊक.

मग आमची पाळी आली. होळी होऊन गेली होती आणि जळगावचं ऊन चढू लागलं होतं. एका सकाळी गावाकडच्या एका माणसाबरोबर निरोप आला, की नाना कापसाच्या गाड्या घेऊन येताहेत, बरोबर आबा आहेत, आणि दोघंही लेकीचं घर बघून जाणार आहेत. निरोप ऐकून यांना एकदम जिनातली कामं आठवली. "तू आहेस ना," असं म्हणून ते जे निघून गेले, ते संध्याकाळपर्यंत आलेच नाहीत. पण अक्कांनी पदर खोचला. गल्ली झाडून घेतली, पोरांची नाकं पुसली, कोण काय बोलणार ते ठरवून दिलं. एक गोष्ट मात्र आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आली नाही. आतापर्यंत आलेले पाहुणे म्हणजे कुणाचा भाऊ, कुणाचा मामेभाऊ. बाप कुणाचा आला नव्हता. आणि आमच्याकडं लेकीला मूल होईतो बाप काय, बापाच्या वयाचा भाऊबंद काय, तिच्या घरचं पाणी पीत नाही.

दुपार कलल्यावर दोघं आले. नानांचा चेहरा लाल झाला होता, ओठांवर पापुद्रे आले होते. गाडीतली मातीची घागर वाटेतच फुटली होती, आणि सकाळपासून गाड्या दुसऱ्याच एका जिनाच्या आवारात रांगेत, उन्हात; रांग सोडून पाण्याला जाता आलं नव्हतं. पण ओट्यावर टेकायच्या आधी ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहून सगळी गल्ली बघत राहिले. समोर दोंडाईच्याचा एक मापाडी राहायचा, बाजारात धान्य मापणारा. त्याला आमचा इतका उमाळा आला, की ठरलं नव्हतं तेही बोलून गेला. म्हणाला, "नाना, नुसती हाई बाजू नही, समोरन्या खोल्या बी यास्न्याच शेत."

समोरच्याही खोल्या आमच्याच, हे ऐकून नानांनी आबांकडं बघितलं. पागोटं सरळ केलं आणि मग ओट्यावर बसले. त्यांना इतकं सुखी मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला तिथंच गडप व्हावंसं वाटलं.

सवयीनं मी तांब्या भरून पुढं ठेवला. नानांनी तो हातानं हळूच बाजूला सरकवला. "नको बेटा. आंडेरना घरनं पानी माले चालत नही."

"मग अक्कांकडचं आणते."

"ती खोली बी तुनीच ना?"

"समोरून आणते."

"ती बी तुनीच शे," नाना म्हणाले. घशाला कोरड पडलेली, आवाज फाटलेला, तरी ते हसत होते. गल्लीतला आडसुद्धा माझाच होता. सगळ्या गल्लीत पाण्याचा एक थेंब नव्हता जो माझा नव्हता, आणि हे सगळं माझ्याच खोट्यानं झालं होतं.

पेठेच्या तोंडाशी पाणपोई असते तिथं पिऊन येतो, असं नाना म्हणाले. पाणपोई पाडव्याला सुरू व्हायची, पाडव्याला अजून अवकाश होता. मी तसं सांगितलं. "मंग चौकमा दखू," म्हणत ते उठले. उठले आणि ओट्याचा खांब धरून तसेच खाली बसले. डोळे मिटले. कपाळावर घाम यायला हवा होता, तो येत नव्हता. आबा आपल्या उपरण्यानं त्यांना वारा घालू लागले. "तू बस, मी लई येस पानी," आबा म्हणाले आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात देऊन उठायला लागले. चौक काही जवळ नव्हता; कुणी पोर पळत गेलं असतं तरी वेळ लागला असता. आबांच्या चालीनं जाऊन यायचं म्हणजे तोवर नानांचं काय झालं असतं, कोण जाणे.

मी तांब्या उचलला. आबांसमोर बोलायचं नव्हतं. दुसऱ्या कुणाहीसमोर बोलले असते. पण समोर आबाच होते, ज्यांच्या भाच्याची बागायत सोडून मी या गल्लीत आले होते.

"नाना," मी म्हणाले, "हाई घर मनं नही शे. भाडानं शे. बठ्ठी गल्ली भाडानी शे. पानी बी मालकनं शे, मनं नही. तुम्ही पी ल्या."

नानांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, मग खोलीच्या दाराकडं, मग परत माझ्याकडं. मी खाली बघितलं नाही, एवढंच काय ते त्या दिवशी माझ्या हातून बरं झालं. ते रागावतील असं वाटत होतं. रागावले असते तर फार बरं झालं असतं. त्यांनी तांब्या माझ्या हातातून घेतला आणि तोंडाला लावला. घटाघटा प्यायले. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती आणि मी बघत होते. बाप तहानेनं पाणी पितोय याचा आनंद लेकीला व्हायला हवा. मला एकेक घोट अंगावर आल्यासारखा वाटत होता. हिचं घर नाही, हिचं काही नाही, असं ते पिणंच सांगत होतं.

मी दुसरा तांब्या भरून आणला आणि आबांपुढं धरला. तहान त्यांनाही तेवढीच होती. त्यांनी हात जोडले. "माले नको, बेटा. आंडेरना घरनं पानी शे," एवढंच म्हणाले आणि उपरण्याची घडी घालत बसले. मग तोही तांब्या नानांनी घेतला.

नेमक्या त्याच वेळी अक्का त्यांच्या दारातून निघाल्या. आत होत्या, त्यांना काहीच ऐकू गेलं नव्हतं. डोक्यावरचा पदर नीट करत, ठरल्याप्रमाणं अगदी अजिजीनं बोलत आल्या, "मालकीणबाई, जरा इचारनं व्हतं, आंगनमा दोरी..." आणि ओट्याशी येऊन थबकल्या. मालकिणीचा बाप मालकिणीच्या ओट्यावर बसून पाणी पीत होता. शिंदखेडा असो की धरणगाव, याचा अर्थ खानदेशातल्या बाईला समजावून सांगावा लागत नाही. अक्कांनी दोरीची गोष्ट तिथंच सोडली. त्या माघारी वळल्या.

नानांनी तांब्या खाली ठेवला. मिशीवरचं पाणी पंजानं पुसलं आणि पागोटं डोक्यावर नीट बसवलं.

"थांबा अक्का," ते म्हणाले. "काय इचारनं व्हतं? मनी आंडेर शे मालकीण. इचारा तिले."

अक्का थांबल्या. त्यांना मान वर करवेना. मलाही करवेना. नाना मात्र आबांच्या शेजारी ताठ बसून, मी काय म्हणते याची वाट बघत होते.