एका बायबलचे दोन पुठ्ठे

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलं. डॉक्टरांच्या मनात भरलेली बादली किंवा गॅसचं सिलिंडर असावं. बाबांनी त्यात बायबलही धरलं. आमचं बायबल मोठ्या अक्षरांचं, आईच्या डोळ्यांसाठी घेतलेलं, चांगलंच जाडजूड होतं.

सेवाग्रामच्या आमच्या घरी ते रोज संध्याकाळी वाचलं जाई. बाबा वाचत, आई भाजी निवडत ऐके, मी शाळेचे पेपर तपासत असे. वाचनात खंड पडू नये म्हणून बाबांनी तोडगा काढला. पुस्तकाची शिवण सुटलीच होती. बायबलचे दोन भाग: जुना करार वेगळा बांधायचा, नवा वेगळा.

"एकच पुस्तक हाय ते," आई म्हणाली. "देवानं दोन नाई पाठवले."

"मधात कोरं पान हाय," बाबा म्हणाले. "छापणाऱ्यानंच जागा सोडली."

बसने आम्ही दोघं वर्ध्याला बाइंडरकडे गेलो. पुस्तक अर्थात मी धरलं होतं. बाइंडरने ते उलटसुलट पाहिलं. "काका, तुमचं नवं आलं ना? मंग जुनं काऊन बांधून राह्यले?"

बाबांनी जरा विचार केला. "जुनं नसतं, त याले नवं कोनं म्हटलं असतं?"

"हेबी खरं हाय," बाइंडर म्हणाला. "पुठ्ठा कोणत्या रंगाचा लावू?"

पुठ्ठे हिरवे लागले. नवा करार हलका, म्हणून तो बाबांनी ठेवला. जुना त्याच्या तिप्पट जाड. "जड तेवढं माह्याकडं," म्हणत आईने चष्मा लावला.

नव्या करारात जवळजवळ प्रत्येक पानाखाली बारीक अक्षरात जुन्यातल्या संबंधित ओळींचे पत्ते असतात. आजवर बाबा ते गाळून पुढे जायचे. आता जुना करार आईच्या मांडीवरच होता, म्हणून ते तिला ओळ शोधायला सांगू लागले. आई ओळ शोधायची, पण तेवढ्यावर थांबायची नाही.

"थांबा," ती म्हणे. "देव हे कोनाले सांगून राह्यला, ते पाह्यते."

नाताळला आम्ही वर्षानुवर्षं गोड आवाजात ऐकलेली एक ओळ मुळात शत्रूच्या फौजेला घाबरलेल्या एका राजाला सांगितलेली होती, हे मला चाळिशीत कळलं. बाबांनाही तेव्हाच कळलं. पण त्यांनी तसं दाखवलं नाही. आमची जेवणं उशिरा होऊ लागली.

मग एका रविवारी चर्चमध्ये वाचनाची पाळी बाबांची होती. ते पुढे गेले, हातातलं पुस्तक उघडलं, पानं मागेपुढे केली. उतारा जुन्या करारातला होता.

"आजचं वाचन घरी राह्यलं," त्यांनी माइकमध्ये जाहीर केलं.

कोणी हसलं नाही. पाळकांनी छताकडे पाहिलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने आई उठली. तिच्या पिशवीत जुना करार होता. बाबांवर विसंबायचं नाही, असं तिने निघतानाच ठरवलं असणार. तिने पुढे जाऊन ग्रंथ स्टँडवर ठेवला.

"उचलू नोका," ती हळूच म्हणाली. माइक चालू होता. सगळ्यांनी ऐकलं, आणि आता मात्र लोक हसले. बाबांनी हसू ओसरेपर्यंत थांबून उतारा स्वच्छ वाचला.

पुढच्या रविवारी ते पुरुषांकडे गेलेच नाहीत. सरळ येऊन आईशेजारच्या जागेपाशी उभे राहिले. बाकावरच्या एका मावशींनी चमकून पाहिलं.

"माहं अर्धं पुस्तक इकडं हाय," बाबा म्हणाले.

मावशींनी सरकून जागा दिली.