गोऱ्याचा बूट आणि हिची रांगोळी

आमच्या गल्लीच्या गणपतीत दरवर्षी सजीव देखावा असतो आणि त्यात गोरा शिपाई मी असतो. रंगानं मी तव्याचं बूड. पण तोंडाला पावडर फासून उभं राहायला आणि लेकराबाळांच्या शिव्या खायला दुसरं कुणी तयार होत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत, हयात टॉवेलच्या कारखान्यात गेली. बिनबोलण्याचं काम मला बरं पडतं.

देखावा तीस सालच्या मार्शल लॉचा. इंग्रजांनी सोलापूर ताब्यात घेतलं, गल्लीबोळात बंदूकवाले उभे केले, झेंडा लावायची बंदी केली. तेव्हा आमच्या गल्लीतली एक म्हातारी रोज सकाळी दारात झेंड्यावरचा चरखा रांगोळीनं काढायची. शिपाई बुटानं पुसायचा. दुसऱ्या दिवशी चरखा पुन्हा हजर. शेवटी शिपायानंच वाट बदलली म्हणतात. खरंखोटं गणपतीला ठाऊक. गल्लीतली तीन घरं त्या म्हातारीला आपली आजी म्हणतात आणि तिन्ही घरांचं एकमेकांशी पटत नाही.

म्हातारीचं काम माझी बायको करायची. रांगोळीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. देखाव्यातलं बोलणं आधीच रेकॉर्ड केलेलं असतं, माणसांनी नुसते ओठ हलवायचे. मी चरखा पुसला की मशीनवर बसलेला पानपट्टीवाला बटण दाबायचा आणि कर्ण्यातून हिचा आवाज यायचा, "पुस मुडद्या, किती पुसतूस ते पुस. तुजा पाय दुकंल, माजा हात न्हाय दुकायचा."

घरात मला 'अवं' म्हणणारी बाई. रेकॉर्डिंगच्या दिवशी पहिल्याच दमात बरोबर बोलली, तरी म्हणाली, "अजून एकदा घ्या की. मुडद्या नीट आलं न्हाय." मग आणखी एकदा घेतलं. मी समोरच बसलो होतो. तिनं कागदाकडं बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडं बघून बोलली.

औंदा संक्रांत झाली आणि ती गेली. घरात फोटो आहे, साड्या आहेत, रांगोळीचा डबा आहे. आवाज तेवढा कुठं नाही. आमचा फोन बटणाचा, त्यात कोण काय भरून ठेवतंय. आवाज फक्त मंडळाच्या मशीनमध्ये.

श्रावणात मंडळाचा अध्यक्ष घरी आला. नवा आहे, शिकलेला आहे, केसाला काहीतरी लावतो.

"काका, या वर्षी रेकॉर्डिंग नवीन करतोय. स्टुडिओत. काकूंचा आवाज जरा गावंढळ वाटतो. विषय स्वातंत्र्याचा आहे, भाषा शुद्ध पाहिजे."

"मार्शल लॉ पुण्याला लागला व्हता का सोलापूरला?"

"सोलापूरला."

"मग म्हातारी काय पुण्याहून आणतूस?"

"तसं नाही काका, लोक व्हिडिओ काढतात, बाहेर जातो."

"जाऊ दे की. पर आवाज बदलला तर गोरा पण बदल. तूच हो. उंच हायस, पावडर बी कमी लागंल."

त्यानं दोन दिवस गोरा शोधला. मागच्या वर्षी एका आजीनं मला खरोखरची चप्पल मारली होती, हे सगळ्यांच्या ध्यानात होतं. तिसऱ्या दिवशी तो परत आला आणि म्हणाला, "काका, आवाज जुनाच ठेवू." मी रांगोळीचा डबा आपण होऊन दिला. गेरू कालवून तिनंच भरून ठेवलेला होता.

म्हातारीचं काम यंदा शेजारच्या सुनेला दिलं. बँकेत आहे, पोरगी गुणाची, पण रांगोळी तिला येत नाही. पहिल्या दिवशी पडदा उघडला, तिनं चरखा काढला आणि गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "आजी सायकल काढायलीय बघ." लोक हसले. मीही मिशीत हसलो.

मग मी बूट आपटत पुढं गेलो आणि खाली बघितलं. सायकल तर सायकल, पण तो लाल रंग हिच्या हातचा. पाय उचलेना.

पानपट्टीवाला बटणावर बोट ठेवून माझ्याकडं बघतोय. शेजारची सून ओठ उघडून बसलेली, आवाज आला की हलवायला. आवाज येईना.

"काका, पुसा की," ती दात न उघडता म्हणाली.

"पुसतो, थांब."

पुढं बसलेल्या एका लेकरानं आईला विचारलं, "आई, गोरा मेला का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी पुसल्याबिगर ही बोलणार नाही. रांगोळी वाचवली तर आवाज जातो. मी डोळे मिटले आणि बूट फिरवला.

"पुस मुडद्या," वरून आलं. "किती पुसतूस ते पुस."

सगळी गल्ली हसली. मी तसाच उभा. गोऱ्यानं रडायचं नसतं, पावडर वाहते. माझी वाहिली. लोकांना वाटलं, गोरा घामाघूम झाला, आणि टाळ्या पडल्या.

पडदा पडल्यावर शेजारच्या सुनेनं मला खुर्ची दिली. पुढच्या खेळाला अजून वेळ होता, गर्दी पांगली होती.

"काका, बसा जरा. पाय दुखत असेल."

"दुकतोय," मी म्हणालो. "काढ दुसरी सायकल."