अमावस्येची मोजणी

वडिलांच्या पश्चात खाडीकाठचं साडेअकरा गुंठे खाजण, म्हणजे बांध घातलेली खारी भातजमीन, दोघांच्या नावावर आलं, माझ्या आणि मोठ्या भावाच्या. तो डोंबिवलीत राहतो, मी लग्नानंतर वर्तकनगरला. बांध फुटल्यापासून तिथे भात होत नाही. भरतीचं पाणी आत शिरतं, खारफुटीची तिवरं उगवली आहेत. दादाने विकायचं ठरवलं. घेणाऱ्याची अट एकच होती: पाणथळ भाग कुठे संपतो ती रेषा आखा आणि नकाशावर दोघांनी सह्या करा. कोरडी जमीन तो घेणार, ओली नाही.

मोजणीचा दिवस दादाने ठरवला. मी कॅलेंडर पाहिलं. अष्टमी, दुपारी बारा. आमचं घराणं मिठागरातलं. अष्टमीला भांगाची भरती, पाणी फारसं चढत नाही, आणि भर दुपारी तर ओहोटीच असते, हे आमच्याकडे पोरांना शाळेत जायच्या आधी कळतं. तारीख चुकून पडलेली नव्हती.

मोजणीदार भेगा पडलेल्या जमिनीवरून फिरला आणि थेट तिवरांच्या मुळाशी चुन्याची रेषा ओढून मोकळा झाला. मी कुदळ घेतली, रेषेपासून बारा मीटर जमिनीच्या बाजूला आले आणि वीतभर खणलं. खाली काळा, ओला, कुजका वास मारणारा चिखल. भोवती खेकड्यांची बिळं. खूण आहे खरी, असं मोजणीदार म्हणाला, पण पाणी इथवर येतं कशावरून, असंही त्याने विचारलं.

"अमावस्येला दुपारी या. तोवर मी सही करणार नाही."

दादा हसला. "अमावस्येला मोजणी? अगं, लोक त्या दिवशी नवी चप्पल घेत नाहीत."

"पाणी अमावस्येलाच चढतं. त्याला मी काय करू?"

मग त्याने मला बाजूला घेतलं. वाटणीत सखल बाजू तुझी आहे, रेषा सरकली की तुझंच जास्त नुकसान, आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेस आणि स्वतःची वजाबाकी येत नाही का, असं बरंच बोलला. वजाबाकी मी घरीच करून आले होते. पण त्या चिखलावर इमारत उभी राहिली की उधाणाचं पाणी कुणाच्या तरी तळमजल्यात शिरणार, आणि नकाशावर सही माझी असणार. हे मला मंजूर नव्हतं.

अमावस्येला दीडच्या सुमारास चुन्याची रेषा बुडाली. पाणी आणखी सतरा मीटर आत येऊन थांबलं. मोजणीदाराने तिथे लाल खुंट्या ठोकल्या. माझ्या वाट्याची कोरडी जमीन पावणेदोन गुंठे उरली. मी सही केली. दादाने केली नाही.

पुढच्या पौर्णिमेला मी जाऊन पाहिलं, तर मधल्या दोन खुंट्या उपटून फेकलेल्या. नकाशावरची अंतरं टेपने मोजून मी त्या पुन्हा ठोकल्या आणि तिथूनच दादाला फोन लावला.

"किती वेळा ठोकशील?" त्याने विचारलं.

"तू उपटशील तितक्या वेळा."

 त्याने फोन ठेवला नाही.