सुतळीच्या आतली खोली

पुण्याहून निघताना बॅगेत कपड्यांच्या आधी दोन वस्तू भरल्या: तीस मीटरची मोजपट्टी आणि सुतळीचा गुंडा. माझा नवरा व्हिन्सेंट दारात उभा राहून म्हणाला, "भावाला भेटायला चाललीस की गवंडीकामाला?"

"दोन्ही," मी म्हटलं.

बत्तीस वर्षं आम्ही राहतो त्या फ्लॅटची मोठी खिडकी समोरच्या इमारतीतल्या पाटीलबाईंच्या कपड्यांच्या दोरीकडे उघडते. सकाळी डोळे उघडले की पहिलं दर्शन त्यांच्या टॉवेलांचं. शाळेतून निवृत्त झाले तेव्हाच मी ठरवलं की आता उरलेल्या सकाळी समुद्राकडे बघत काढायच्या. आचऱ्याच्या अलीकडे आमची वाडी आहे. तिथे अगदी किनाऱ्यालगत वडिलांची एक जागा आहे, निम्मी माझी, निम्मी माझ्या धाकट्या भावाची, आलेसची. माझ्या निम्म्यात एक खोली बांधायची आणि तिला समुद्राकडे मोठी खिडकी ठेवायची, एवढंच माझं मागणं होतं.

आणि महिन्यापूर्वी आलेसचा फोन आला की तो आपली निम्मी जागा रापणीला देऊन टाकतोय. (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. ते ओढणाऱ्या मंडळींनाही रापणच म्हणतात.) नात्यात एकच गिल्ला झाला. याच आलेसने पाच वर्षांपूर्वी आपला चालता ट्रॉलर विकून वाडीला नवी जाळी घेऊन दिली होती, तेव्हाही सगळ्यांनी डोक्याला हात लावला होता. आता सर्वानुमते मला पाठवण्यात आलं, त्याला शुद्धीवर आणायला.

बहिणीने मुकाट्याने हक्कसोडपत्रावर सही करायची ही आपल्याकडची रीत. आईने केली, मावशीने केली. मी करणार नव्हते. तीस वर्षं वर्गात पोरांचे कान धरलेत, त्यात भावाचा एक कान म्हणजे काय मोठंसं!

सकाळी कुडाळला उतरले. बाजाराचा दिवस, त्यामुळे स्टँडवर माणसांपेक्षा टोपल्या जास्त. खिडकीवरच्या साहेबांना मालवणची गाडी विचारली तर म्हणाले, "लागेल आता, मॅडम." तो 'आता' पाऊण तास चालला. तेवढ्यात मी उसळपाव खाल्ला, साडीवर रस्सा सांडला आणि तो पुसताना चष्मा हरवला. चष्मा डोक्यावरच होता.

बसमध्ये शेजारी एक बाई रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसली. साठीची असेल, पण दंड बघितले तर माझ्यासारख्या दोघींना उचलील. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तू आलेसाची भैण मा? टीचर?"

तेव्हा मी ओळखलं. ही शेवंती, आमच्याच वाडीतली. लहानपणी मी पाटी घेऊन शाळेत जायचे तेव्हा ही आईबरोबर रापणीचा दोर ओढायला जायची. अजूनही ओढते, आणि मिळालेली मासळी कुडाळच्या बाजारात विकते. मी कशासाठी आले ते तिला सांगून टाकलं. मनात म्हटलं, आता ही गयावया करील. जागा गेली तर रापण खंय नेवची, म्हणून विचारील.

"खोली बांधतलंस? बांध गो," ती म्हणाली. "दर्यो बघूक बरो आसा. आमका बघूक येळ गावना नाय, तू बघ." आणि टोपलीवर डोकं टेकून झोपी गेली.

मालवणला आलेस स्कूटर घेऊन उभा. केस पांढरे झालेत, शर्टाचं एक बटण तुटलेलं. बायको जाऊन सात वर्षं झाली आणि मूलबाळ नाही, म्हणजे बटण कोण लावणार! त्या बटणाकडे बघून मला भडभडून आलं, पण मी लगेच आवाज चढवला. आमच्या घरात माया अशीच करतात.

घरी त्याने स्वतः रांधलेलं जेवण वाढलं. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं (कोकम आणि तिरफळं घातलेलं दाटसर कालवण) आणि सोलकढी. तिखलं आईच्या हातचं लागलं, हे मी त्याला सांगितलं नाही. हात धुतल्यावर विषयाला तोंड फोडलं.

"आलेस, लोक म्हणतत तू येडो झालंस."

"बरोबर म्हणतत," तो हसला. "पण रडको येडो न्हय, खुशीचो येडो."

मग त्याने मलाच प्रश्न घातला. मी रविवारी चर्चमध्ये पोरांना धर्मशिक्षण देते, हे त्याला माहीत.

"ती गोष्ट शिकवतंस मा, येशून सांगितलेली? एका माणसाक शेतात पुरलेलो ठेवो गावता, मगे तो माणूस आपला होता-नव्हता ता सगळां इकता आणि ता शेत घेता."

"तीस वर्षं शिकवतंय."

"तो सगळां इकूक गेलो, तेव्हा रडत गेलो काय?"

गोष्टीत सरळ म्हटलंय की तो आनंदाने गेला. दरवर्षी मी परीक्षेत विचारते, 'त्या माणसाने काय विकले? का विकले?' दोन दोन गुण. आनंदाला मी आजवर अर्धा गुणसुद्धा ठेवला नव्हता.

"सगळे 'इकल्यान गो, इकल्यान' म्हणान गळो काढतत," आलेस म्हणाला. "गावला काय, ता कोण इचारणा नाय. माझो ट्रॉलर होतो तेव्हा माका झोप नव्हती, बाय. दुसऱ्याच्या जाळ्यात काय गावला ता मोजीत बसायचंय. आता पडल्याबरोबर झोपतंय."

"आणि स्वर्गात जागा पक्की, असाच ना?" मी टोमणा मारला.

"देवाचा राज्य म्हणजे मेल्यावर गावणारो प्लॉट न्हय गो. ता हयसरच सुरू जाता. आणि एकदा सुरू झाला की संपना नाय." एवढं बोलून तो भांडी घासायला उठला. जाता जाता म्हणाला, "तुझी निम्मी तुझी. मी सही मागूचंय नाय. कधीच नाय."

भांडायची सगळी तयारी करून गेलेल्या माणसाशी समोरच्याने भांडूच नये, यासारखी पंचाईत नाही.

संध्याकाळी आम्ही जागेवर गेलो. वडिलांच्या वेळी हा किनारा सताड मोकळा होता. आता डावीकडे कुंपण, उजवीकडे कुंपण, आणि दोन्हीच्या मध्ये रापण ओढायला आमची एवढीच पट्टी उरलेली. पट्टीच्या टोकाला मांगर (जाळी आणि होडी ठेवायची झावळ्यांची शेड), आणि मांगरासमोर पांढरा खुरीस. आजोबांनी बांधलेला हा क्रूस. मोहिमेला निघताना हिंदू, ख्रिस्ती सगळे त्याला हात लावून जातात. मी मोजपट्टी काढली. दुसरं टोक कोणी धरावं? आलेसने धरलं. "फूटभर आणखी घे गो, वारो बरो लागतलो," असंही म्हणाला. चार खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली. मी आत जाऊन उभी राहिले. खिडकी जिथे येणार तिथून समुद्र अगदी समोर होता आणि सूर्य पाण्याला टेकला होता. मला ती खोली हवी होती. खोटं कशाला सांगू, जीव तुटून हवी होती.

पहाटे आरोळीने जाग आली. बांगड्यांचा थवा किनाऱ्याला लागला होता. आम्ही पोचलो तोवर बाबल तांडेलाने, म्हणजे रापणीच्या म्होरक्याने, होडीतून जाळ्याचा अर्धगोल टाकून दोन्ही दोर किनाऱ्यावर आणले होते. दोराच्या दोन रांगा, रांगेत पंधरा-वीस माणसं, बाप्ये आणि बायका. समुद्राकडे तोंड करून, टाचा वाळूत रोवून, ओढत ओढत मागे सरकायचं. मागे पार मांगरापर्यंत जायचं, दोर सोडायचा, पुन्हा पाण्यापाशी येऊन पुढचा धरायचा. दोन्ही रांगांचा जोर सारखा राहिला तर जाळं तळाला टेकून येतं. मी आपली कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत होते.

आणि उत्तरेकडची रांग मधेच थांबली.

शेवटाला शेवंती होती. तिच्या टाचेला माझी सुतळी लागली होती. तिने मागे वळून पाहिलं आणि पाय उचलून घेतला. तिच्या पुढचा थांबला, त्याच्या पुढचा थांबला. टीचरच्या खोलीत पाय कसा घालायचा! रांग बाजूने वळायला बघत होती, पण बाजूला कुंपण. दोर सैल पडला. दक्षिणेची रांग ओढतच होती, त्यामुळे जाळं एका अंगाला तिरकं झालं, खालची कड उचलली गेली आणि पाण्यावर चांदीची एक लांबच लांब लकेर उठून खोल समुद्राकडे निघून गेली.

"गेली," बाबल तांडेल एवढंच म्हणाला.

मी धावत गेले. "अगो, सुतळी ती! नुसती सुतळी! ओलांडायची होतीस!"

शेवंतीला माझं बोलणंच कळेना. "तुझी खोली मा ती? इचारल्याशिवाय कोणाच्या घरात आमी कसे जातलंव?"

त्या बाईच्या पोटावर पाय आला होता, आणि ती माझ्या न बांधलेल्या भिंतीला मान देत होती. मला इतकी लाज वाटली की रडू फुटलं. भर किनाऱ्यावर, सगळ्यांसमोर, अठ्ठावन्न वर्षांची बाई रडतेय. पण हात थांबले नाहीत. खुंट्या उपटल्या, सुतळी गुंडाळून कमरेला खोचली, पदर बांधला आणि शेवंतीच्या मागे दोर धरला. तिसऱ्या ओढीला तळव्यांची सालं निघाली. चौथ्या ओढीला मी वाळूत सपशेल बसले. रांगेत हशा पिकला, आणि त्या हशातच जाळं किनाऱ्याला लागलं. निम्म्याहून जास्त गेली होती, तरी उरलेली तडफडत होती.

मग वाटे. मासळीचे सारखे ढीग मांडले गेले. आलेस ढिगांकडे पाठ करून, खुरिसाकडे तोंड करून उभा राहिला. बाबल तांडेल एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचा, "हो कोणाचो?" आणि आलेसने न बघता नाव घ्यायचं, म्हणजे कोणाला मोठा, कोणाला बारका, याची कटकट नाही. पूर्वी याच आलेसच्या ट्रॉलरने यांच्या तोंडची मासळी नेली होती. आज चाळीस घरं त्याच्या पाठीवर विश्वास टाकून होती.

"हो कोणाचो?"

"देवाचो." पहिला वाटा नेहमी देवाचा. म्हणजे त्या दिवशी दोराला येऊ न शकलेल्यांचा, आजाऱ्यांचा, म्हाताऱ्यांचा.

"हो कोणाचो?"

"शेवंतीचो."

"हो कोणाचो?"

"बायचो."

मी दचकले. "माझा नको! माझ्यामुळे तर गेली सगळी."

शेवंती माझ्या सोललेल्या तळव्याकडे बोट दाखवून म्हणाली, "दोराक हात लायलंस मा? मगे वाटो तुझो. गेली ती दर्याची, परत येतली."

सगळ्यांच्या ढिगाएवढाच तो ढीग होता, एका बांगड्यानेही कमी नाही. मी त्याच्यापाशी वाळूत बसले आणि मला खूप आनंद झाला. याहून चांगला शब्द मला सापडत नाही. खोलीकडे वळून बघितलं तर तिथे शेवंती आपले पाय पसरून बसली होती, आणि ती तिथे शोभत होती.

दोन दिवसांनी मालवणच्या कचेरीत गेलो. टेबलावरच्या बाईंनी आम्हा भावाबहिणीकडे पाहून सवयीने विचारलं, "हक्कसोडपत्र ना?"

"नाही," मी म्हटलं. "बक्षीसपत्र. रापण संघाला. त्याची निम्मी त्याच्या हाताने, माझी निम्मी माझ्या हाताने." तळवे अजून हुळहुळत होते, पण सही झकास आली. निघण्याआधी आलेसच्या शर्टाला बटणही लावलं.

परतीच्या बसमध्ये थर्मोकोलच्या खोक्यातून बर्फाचं पाणी गळायला लागलं. निघायच्या सकाळी मी पुन्हा दोर ओढला होता, त्या वाट्याचे बांगडे त्यात होते. कंडक्टर नाक मुरडून म्हणाला, "बाई, यात काय आहे?" माझ्या तोंडून निघालं, "माझी कमाई." शेवटी खोकं मांडीवर घेऊन पुण्यापर्यंत आले. ते त्याच सुतळीने बांधलं होतं.

व्हिन्सेंटने दार उघडलं. "किती बाय किती निघाली खोली?"

"दिली," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. त्याने माझ्या हातातलं खोकं घेतलं. मग म्हणाला, "वाईट वाटतंय?" मी मनात प्रामाणिकपणे शोधलं. समुद्राची आठवण होती, येतच राहील. वाईट मात्र वाटत नव्हतं.

ओट्यावर तीन ताटल्यांत बांगड्यांचे सारखे वाटे मांडले आणि व्हिन्सेंटला पाठ करून उभं केलं.

"हा कोणाचा?"

"तुझा," तो म्हणाला.

"चूक. पहिला देवाचा."

ती ताटली घेऊन जिना उतरले आणि समोरच्या इमारतीतल्या पाटीलबाईंची बेल वाजवली. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी हाताला धरून आत नेलं, मोठ्या खिडकीपाशी बसवलं. मी सहज बाहेर बघितलं. समोर आमची खिडकी होती, आणि तिच्यात माझे टॉवेल वाळत होते.