दाराआडची बंदूक

माझ्या साइटवर बंदूक आहे म्हटलं की गावचे लोक डोळे विस्फारायचे. अहो, खिळे मारायची बंदूक! नव्वदीच्या शेवटच्या वर्षांत मी दुबईला एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होतो, राहायला अजमानला. काँक्रीटमध्ये हातोडीनं खिळा जात नाही, तो छोट्या काडतुसानं मारतात. त्या यंत्राचे नियम म्हणजे डोक्याला ताप. यंत्र एका कपाटात, काडतुसं दुसऱ्यात, दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला. ज्याचं ट्रेनिंग झालंय त्यालाच द्यायचं, सही घ्यायची, आणि परत आलं की रिकामं आहे ना, हे स्वतः उघडून बघायचं. पठाण फोरमन रोज ओरडायचा, "अरे भाई, दे दे, यल्ला! टाइम खलास हो रहा है." मी म्हणायचो, "पहले साइन." फार तोरा होता मला त्या किल्ल्यांचा.

आणि तिकडे कोकणात, आमच्या घरी, बाबांची ठासणीची बंदूक दाराआड उभी असायची. शेताच्या राखणीसाठी रीतसर परवाना काढलेली, आणि कायम भरलेली. ठासणीची बंदूक एकदा भरली की बार काढल्याशिवाय सहजी रिकामी होत नाही, आणि तुमची दारू ठासून होईपर्यंत रानडुक्कर काही थांबत नाही. म्हणून ती भरूनच ठेवायची. फक्त घोड्याखालची टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी ती चिमुकली वाटी, काढून फळीवर ठेवायची. घरोघरी हाच रिवाज होता. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, मलाही नाही.

त्या वर्षी मी गणपतीच्या रजेवर गेलो. भात पोटरीला आलं होतं आणि डुकरांनी बांधाकडचं शेत लोळवून टाकलं होतं. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, हात कापायचे. निघायच्या सकाळी मीच त्यांना बंदूक ठासून दिली. अंधारात त्यांना टोपी बसवता यायची नाही, म्हणून तीही बसवली आणि घोडा हलकेच तिच्यावर टेकवला. "आता नुसता घोडा ओढा आणि चाप दाबा," म्हटलं. धाकटी बहीण माझ्या बॅगेत आमसुलं भरत होती. ती म्हणाली, "दादा, तुझ्या साइटवर चालतं का रे असलं?"

"गप गं, मोठी इन्स्पेक्टर लागून गेलीस!"

नवव्या दिवशी ऑफिसात फोन आला. बाबा एसटीडी बूथवरून बोलत होते. केर काढताना बहिणीचा धक्का लागला, बंदूक सरकली, घोडा जात्यावर आपटला. तालुक्याला नेईपर्यंत ती गेली. वीस वर्षांची होती. मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "पोलिसांना सांगितलंय, मीच भरली होती. आईलाही तेच सांगितलंय. परवाना माझा, बंदूक माझी. तू यायचं नाहीस आणि तोंड उघडायचं नाहीस." मी उघडलं नाही. भेकड होतो मी, दुसरा शब्द नाही.

बाबा कोर्टाच्या तारखांना फिरत राहिले. सगळा गाव म्हणाला, नशीब तिचं. या शब्दाची मला चीड यायची. साइटवर कुणाचं बोट चेपलं तरी फॉर्म भरावा लागे, आणि त्यात नशिबाला रकाना नव्हता. पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, एवढंच विचारलेलं असे. मग मी एक अर्ज लिहायला घेतला. विहिरीत पावडर टाकायला सरकारी माणूस येतो, पोलिओच्या डोसाला बाई दारात येते, मग परवान्याची बंदूक कशी ठेवली आहे हे बघायला का कुणी येत नाही? कायदा करा, तपासणी आरोग्य खात्याकडे द्या. बंदुकीला एक कुलूप, दारूला दुसरं. हात कापतात, डोळ्यांना दिसत नाही, त्याचा परवाना डॉक्टरच्या दाखल्याशिवाय वाढवू नका. सात-आठ वेळा खाडाखोड करून चार पानं लिहिली.

पुढे महाराष्ट्रातले एक पुढारी आले होते, तेव्हा दुबईत ऊद मेथा भागात मराठी मंडळींचा कार्यक्रम झाला. मी रांगेत उभा राहून अर्ज त्यांच्या हातात दिला. त्यांनी वरचा परिच्छेद वाचला आणि हसले. "आरोग्य खात्याकडे बंदुका? बंदुकीला काय ताप येतो होय?" आजूबाजूचे हसले. मी म्हणालो, "साहेब, माझी बहीण गेली." तेव्हा मात्र ते ओशाळले. हळूच त्यांनी विचारलं, "भरली कोणी होती?"

चार पानांत तेवढंच लिहिलं नव्हतं. "वडिलांनी," मी म्हणालो. अर्ज त्यांच्या माणसाच्या फाइलीत गेला. त्याचं उत्तर काही आलं नाही.

बहीण गेल्या दिवसापासून आई बाबांशी बोलली नाही. ताट वाढायची, अंघोळीचं पाणी काढायची, पण शब्द नाही. मी दर शुक्रवारी फोन करायचो. ती मला जेवलास का विचारायची आणि बाबांचं नाव निघालं की रिसीव्हर त्यांच्या हातात द्यायची. पाच वर्षं हे चाललं. मग बाबा गेले, तसेच, अबोल्यात.

वर्षश्राद्ध झाल्यावर आईला मी व्हिजिट व्हिसावर अजमानला आणलं. एका दुपारी ती ओट्यापाशी कोळंबी सोलत होती. मला राहवेना. "आई, बंदूक मी भरली होती. टोपीसुद्धा मीच लावली."

तिचा हात थांबला नाही. "ठाऊक आहे मला. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता, ते टोपी काय लावणार?"

"मग त्यांच्याशी का अबोला धरलास गं? पाच वर्षं!" मी जवळजवळ ओरडलोच.

"धरायचा तर कुणाशी तरी धरायलाच हवा होता. माझी पोर गेली होती." तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "तुझ्याशी धरला असता, तर तू पुन्हा घरी आला असतास का? ते कुठं जाणार होते रे? ते घरातच होते."

मला तेव्हा बाबांशी बोलायचं होतं.