तेरवीच्या फोटोसाठी

जठारपेठेत आमच्या वरच्या मजल्यावर रूपाली भाकरे राहते. नवरा कामासाठी नागपूरला असतो. घरी ती आणि सासू माणिकबाई. अकोट, अंजनगाव सुर्जीचे फोटोग्राफर लग्नांचं चित्रण तिच्याकडे पाठवतात. ती घरी बसून फोटो निवडते, व्हिडीओ कापते, गाणी बसवते. बारा वर्षांत तिने कोणाचं काम उशिरा दिल्याचं मला आठवत नाही.

जुना कॉम्प्युटर नव्या कॅमेऱ्यांचे व्हिडीओ उघडतानाच अडकू लागला. तयार मशीन परवडणारं नव्हतं, म्हणून तिने एकेक भाग घेऊन स्वतः जोडायचं ठरवलं. तिची यादी मी पाहिली आहे. प्रोसेसर आणि रॅम नवे, त्यात तडजोड नाही. ग्राफिक्स कार्ड वापरलेलं. अमरावतीच्या दुकानात तासभर चालवून बघितलं, मगच आणलं. कॅबिनेट सगळ्यात स्वस्त, वर जाळीचं.

जोडून झाल्यावर माणिकबाईंनी मशीनची पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. आम्ही हात जोडले. वरच्या जाळीकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी चहाला वर गेलो, तर अकोटचा फोटोग्राफर शेखर बसलेला. एरवी तो हार्ड डिस्क एसटीच्या ड्रायव्हरजवळ देतो. त्या दिवशी स्वतः घेऊन आला होता.

"खुशालराव गेले, ताई," तो म्हणाला. "प्रणालीचे वडील. मागच्या महिन्यात पोरीचं लग्न केलं अन् आता हे. परवा तेरवी आहे. घरात त्यांचा धड फोटो नाही, आधार कार्डावरचा तेवढा. लग्नातला एखादा काढून द्या."

कॅमेऱ्याची कार्डं त्याने पुढच्या लग्नासाठी पुसली होती. जे होतं ते त्या एका डिस्कवर.

या धंद्यातली एक रीत मला तेव्हा कळली. फोटोग्राफरजवळ डिस्क एकच असते. ती रिकामी झाल्याशिवाय पुढचं लग्न उतरवता येत नाही. म्हणून रूपाली प्रत न काढता सगळं उचलूनच आपल्या मशीनवर घेते. इकडे आलं की तिकडचं जातं. त्या दिवशीही हात सवयीने तसाच चालला. शिवाय घाई होती, म्हणून आलेले व्हिडीओ ती लगेच उघडू लागली.

काम अर्ध्यावर आलं आणि मशीन बंद पडलं.

"लाइन गेली का?" शेखरने विचारलं. छताचा पंखा तर फिरत होता.

रूपालीने पुन्हा बटण दाबलं. मशीन चालू झालं आणि थोड्या वेळात परत बंद पडलं. तिचा चेहरा उतरला. "काका, टॉर्च धरा," ती म्हणाली.

तिने झाकण काढलं. प्रोसेसरवरचा छोटा पंखा जागचा हलत नव्हता, म्हणून मशीन तापून बंद पडत होतं. पात्यात कुंकू लागलेला तांदळाचा दाणा अडकला होता.

माणिकबाईंनी वाकून दाणा पाहिला. "माह्या हातानं झालं का वं हे?"

"तुमच्या एकटीच्या नाही, आई. जाळी झाकाले मले सुचलं नाही." भुवयांच्या चिमट्याने तिने दाणा काढला. दोनदा चिमटा निसटला.

"ताई, मले त्याच गावात राहायचं आहे," शेखर म्हणाला. "लोक म्हणतील, जिवंतपणी फोटो काढला अन् मेल्यावर हरवला."

"थोडं गप बसता का, भाऊ?"

मशीन सुरू झालं. ती एकेक व्हिडीओ उघडून पाहू लागली. हळदीचा उघडला, मंगलाष्टकांचा उघडला. पण फोटो असो की व्हिडीओ, प्रत्येकात खुशालराव पाठमोरे. कोणाला खुर्ची दे, कोणाला पाणी दे. दर वेळी पडदा क्षणभर काळा राही, मग चित्र येई. पंगतीच्या व्हिडीओत ते एकदाच वळले, कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि शेखरला म्हणाले, "तू जेवला का बे?"

शेखर उठून गॅलरीत गेला.

रूपालीने तो चेहरा आधी दोन पेनड्राइव्हवर घेतला, मग फोनवर. त्यानंतर पाठवणीचा व्हिडीओ उघडायला गेली. तो उघडेना. फाइलचं नाव होतं, आत काही नव्हतं. शेखरच्या डिस्कवरही नव्हता. हरवलेलं शोधायचा प्रोग्राम तासभर चालवला, हाती काही लागलं नाही.

"आता नका सांगू," शेखर आत येत म्हणाला. "तेरवी होऊ द्या. मंग पाहू."

"अन् तिनं परवा विचारलं तर?" रूपालीने शेखरकडून नंबर घेऊन प्रणालीला फोन लावला. स्पीकर चालू होता. फोटो मिळाला, हे तिने नंतर सांगितलं. पाठवणीचा व्हिडीओ आपल्या हातून गेला, हे आधी.



"त्यात बाबा रडून राहिले होते," प्रणाली म्हणाली. "फोटोत कसे आहेत?"

"हसून राहिले."

"मंग तो पाठवा, ताई."